येसबाची माणसं आमच्या पोथीत

किस्से कडब्याच्या गंजीगत असत्यात राव. एक पेंढी वढायला जावं, तर चार डोक्यात पडत्यात! पिंपरीत औषधाचा कारखाना उभा ऱ्हात व्हता, तवा मी तिथं खलाशी, म्हंजी अवजड मशिनी दोरखंडानं चढवनारा गडी. मशिनी बसवायला परदेशातनं एक फिटर आलता, योश्का. आमी त्येचा येसबा केला.

*

गेटवर टाइमकीपर पुकारला, "बिल्ला नंबर सत्तावीस!"

येसबा ढिम्म.

"सत्तावीस! भैरा हायेस का?"

येसबानं बाही वर केली. हातावर निळा नंबर गोंदल्याला. मोडक्या हिंदीत म्हनला, "एक नंबर है. दूसरा नहीं लेगा!" अन् बिल्ला गटारात! मागनं मीबी माझा भिरकावला.

साहेब म्हनलं, "त्याचं समजलं. तुला काय झालं?"

"मला राग आला!"

*

त्येला वाकडला घरी जेवायला नेला. आईच्या हातावर तुळस, इंचू, सगळं गोंदल्यालं. तिनं त्येचा हात धरला. "कोन रं ती गोंदनारीन? बोटं झडली व्हती का तिची? ना नक्षी, ना काय!"

मी हिंदीत सांगितलं. येसबा ठसका लागंस्तवर हसला. मग बोलला. त्यो रोमा, गाड्यांवरनं हिंडनारी जमात. हिटलरच्या लोकांनी धरून तारंच्या कुंपनात कोंडली, हातावर नंबर टाकलं. भैन अन् तिची चार पोरं तिथंच मारली.

आईनं ताटात अजून एक भाकरी आदळली. "खा, मुडद्या."

*

भैनीची अन् पोरांची नोंद करा म्हनून येसबानं त्येच्या देशातल्या कचेरीला लिवलं व्हतं, तिथनं पत्र आलं. साहेबानं वाचलं. "बहिणीला मारल्याचा पुरावा द्या. साक्षीदार आणा."

"साक्षीदार बी मारल्यात की! त्येनं कुठनं आनायचं?" मी टेबलावर मूठ हानली. दौत उपडी, पत्र निळं!

मला वाटलं, आता येसबा मारतंय. त्यो म्हनला, "अच्छा हुआ. मेरे को कुछ नहीं मंगता. बस नाम कहीं लिखा रहे."

*

त्याच आठवड्यात आमच्या कुळाची, पिढ्यांची नावं लिवल्याली पोथी घिऊन भाट घोड्यावरनं घरी आला; येसबा जेवायला व्हताच. मी म्हनलं, ह्येच्या भैनीचं अन् तिच्या पोरांची नावं लिव.

"कुळाबाहेरचं लिवत न्हाई. त्यात लेकीबाळी तर न्हाईच."

"येसबा माझा भाऊ. लिव, न्हाईतर तुझं घोडं सोडतो!"

भाट आईकडं बघाया लागला. आई म्हनली, "माझ्याकडं काय बघतोस? घोडं मीच सोडनार व्हते."

लिवलं. "गाव?"

येसबा म्हनला, "गाडी."

भाटानं त्येबी लिवलं.

*

तीन वर्सांनी भाट परत आला. येसबा तवर मायदेशी गेल्याला. आमच्यात भाट नाव वाचतो, जित्या मान्साला घरातनं 'हाय' म्हनायचं, मेल्याला 'गेला'. आज्जा, गेला. चुलता, गेला. मी, हाय. मग येसबाच्या भैनीपाशी भाट अडखळला. "रोझा..."

चुलीपासनं आई वराडली, "हाय!"

"अवो बाई, ही मेल्याली. तुमीच सांगितलं न्हवं?"

"फुडं वाच."

"यान्को..."

"हाय!"

पाचीच्या पाची नावांना. मग पदराला हात पुसत भाईर आली. "घोड्याला पानी दावलंय. जेवून जा."