वेणूबाईच्या खळ्यावरची रेघ

…तर चहा गार झाला, इथवर काल आलो होतो. वेणूबाई लॅपटॉपसमोर मांडी ठोकून बसलेली आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघतोय.

वेणूबाई म्हणजे काशीदच्या अलीकडल्या आमच्या कोळीवाड्यातली माझी शेजारीण. लग्न होऊन आली तेव्हापासून घरामागच्या खळ्यात बोंबील वाळवते. दोन बोंबील घ्यायचे, तोंडात तोंड अडकवायचं, जोडी बांबूच्या मांडवावर टाकायची. मी एकदा हौसेनं हात घातला तर दात माझ्याच बोटात रुतले! ती म्हणाली, "दत्तारामभावजी, मेलेला मासा तुमच्यापरीस शहाणा हाय."

तिच्या मुलानं, प्रीतमनं, माणगावात तिसऱ्या माळ्यावर भाड्यानं खोली बघितली. चावी खिशात, पण आई हलेना. म्हणून त्यानं मृणालला, आपल्या लेकीला, पुढं केलं. पोरगी कॉलेजात भूगोल शिकते. तिच्या लॅपटॉपात एकाच किनाऱ्याचे उपग्रहानं काढलेले दोन फोटो एकावर एक बसतात, मधे उभी रेघ. रेघेच्या एका अंगाला जुना किनारा, दुसऱ्या अंगाला आजचा. रेघ ओढली की मधली वर्षं झरझर जातात. काय मौज सांगू! मी तर तोडलेलं सुरूचं बन परत बघून घेतलं.

"आजी, बघ दर्या कुठवर आला," मृणालनं रेघ ओढली. वाळू गेली. पण त्याच ओढीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मागच्या अंगाला हॉटेलची लांबलचक भिंतही उभी राहिली. मधे वेणूबाईचं घर आणि खळं, लुगड्याच्या काठाएवढं.

वेणूबाईनं स्वतः बोट लावलं. रेघ मागं नेली, दर्या लांब गेला, भिंत गेली. पुढं आणली, दोन्ही आले. पुन्हा मागं. पुन्हा पुढं. मग बोट उचललं ते आजच्याच फोटोवर.

प्रीतमचा धीर सुटला. "आये, बघितलंस न्हवं? पुढनं दर्या, मागनं भिंत. कोंडलीस तू! आता तरी चल."

"तिथं बोंबील कुठं वाळवू?"

"गच्चीला कुलूप हाय. वासावरनं लोकं कटकट करतात. आता आराम कर की!"

वेणूबाईनं लॅपटॉप मिटला, पदराला हात पुसले आणि म्हणाली,

"हितं दोन बाजूंनी कोंडलेय, व्हय. तिथं चारी बाजूंनी भिंती, आन् वरतीपन कुलूप. हितं दर्याकडनं वारा तरी येतो. जा, चावी देऊन ये."