कुंकवाचं आमंत्रण

मी देवाला मानते का, या प्रश्नाचं उत्तर मला बरीच वर्षं देता आलं नसतं. आमच्या शाळेतली सकाळची प्रार्थना इंग्रजीत होती. घरी आई देवीची आरती म्हणायची तेव्हा मी टाळ्या वाजवायचे, पण शब्द नुसते पुटपुटायचे, कारण ते मला धड पाठ नव्हते. मी सातवीत असताना बाबा गेले. मुलीला इंग्रजी शाळेत घालायचं हा त्यांचा हट्ट होता, तो पुढे आईने एकटीने पुरा केला. नारायण पेठेत आमच्या दोन खोल्या आणि दोन गल्ल्या सोडून बाइंडिंगचं दुकान. तिथे आई छापील कागदांच्या घड्या घालायची आणि पुस्तकं शिवायची. तिच्या हातून गेलेल्या शेकडो मराठी पुस्तकांपैकी एकही मी तेव्हा शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. आम्हा दोघींचं एकमेकींवर फार प्रेम, पण बोलणं मात्र जेवण झालं का, बस वेळेवर आली का, एवढंच. मी मुळातच घुमी. मनातलं बोलायची वेळ आली की माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्यं तयार होत, आणि ती आईला सांगण्यात काही अर्थ नसे.

हडपसरच्या बाजूला तेव्हा एकेक काचेची इमारत उभी राहत होती. त्यातल्याच एकीत मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी मार्गशीर्षात, एका रविवारी कपडे भिजवताना, आईच्या ब्लाउजला आतल्या बाजूने, उजवीकडे छातीशी, एक राखाडी डाग दिसला. पुढच्या रविवारी दुसऱ्या ब्लाउजला, त्याच जागी. मग लक्षात आलं की देव्हाऱ्यातली अंगाऱ्याची पुडी हल्ली लवकर संपते, आणि आई वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढते. मी एवढंच विचारलं, "आई, हात दुखतोय का?"

"दुखणारच की. दिवसभर घड्या घालते मी, पत्ते पिसत नाही," ती म्हणाली आणि विषय संपला.

त्या आठवड्यात ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, कुणी मागून येत नाही ना हे बघत, मी सगळं वाचून काढलं. गाठ, तिची लक्षणं, उशीर झाला तर काय होतं, सगळं मला इंग्रजीत समजलं. पण ते आईला सांगायला माझ्याजवळ एक मराठी शब्द नव्हता. जे शब्द ठाऊक होते ते एक तर रस्त्यावरच्या शिव्यांमधले होते, नाही तर जीवशास्त्राच्या पुस्तकातले. "डॉक्टरकडे जाऊ या का?" असं दोनदा विचारलं. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा चिडली. तिच्या एका मावशीला अशीच गाठ झाली होती. शस्त्र लावलं म्हणून ती पसरली आणि मावशी गेली, असं आमच्याकडे सगळे मानत. शिवाय माझं लग्न व्हायचं होतं. असलं काही कुणाच्या कानावर जाता कामा नये, एवढंच तिला कळत होतं.

एका संध्याकाळी बसमधून उतरून घरी न जाता मी देवीच्या देवळात गेले. आईशिवाय पहिल्यांदाच. काय म्हणायचं ते कळेना. शेवटी इंग्रजीतच म्हणाले, कारण खरं बोलायची सवय मला त्याच भाषेत होती. म्हणाले, मला तिला सांगता येत नाही, तूच काहीतरी कर. एवढं म्हणून मी बाहेर आले. मन हलकं वगैरे काही झालं नाही. देवीला इंग्रजी येत असेल का, हा वेडगळ विचार तेवढा घरापर्यंत सोबत आला.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. आमच्या कंपनीने शनिवारी मुलींना कॉम्प्युटर शिकवायला माणसं मागितली होती. नावं लिहिणारी मुलगी माझ्या टेबलाशीच उभी राहिली आणि मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून मी सहा महिन्यांपासून अक्कांकडे जात होते. हडपसर हे अजून गाव होतं तेव्हा तिथे अक्कांच्या यजमानांचा पंपांचा कारखाना होता. तिथे कामाला असलेली एक बाई बाळंतपणात गेली. दुखायला लागल्यावरही दोन दिवस ती कुणाजवळ बोलली नव्हती, कारण आजूबाजूला सगळे पुरुष. अक्कांनी ते मनाला लावून घेतलं. पुढे यजमान गेल्यावर त्यांनी बंगल्याच्या खालच्या मजल्यावर बायकांचा दवाखाना काढला आणि वरचा मजला मुलींना अभ्यासाला दिला. स्वतः जिन्याखालच्या खोलीत राहायला लागल्या. फुरसुंगी, मांजरीच्या मुली शाळा सुटली की वर येऊन बसत. विदर्भातून कामाला आलेल्या बाया पोरं कडेवर घेऊन खाली रांगेत. तपासणीच्या पडद्याबाहेर अक्कांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'लाजायचे असल्यास तपासणीनंतर लाजावे.'

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं. माझं ओठातल्या ओठात दिलेलं उत्तर ऐकून म्हणाल्या, "अगं, मी बहिरी नाही, तू मुकी नाहीस. मग आपल्या दोघींत हा काय प्रकार चाललाय?" पण नंतर त्यांनी मला कधी मोठ्याने बोल म्हटलं नाही. माझं बोलणं ऐकायला त्या खुर्ची जवळ ओढून घेत. सत्तरी ओलांडलेली बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू. कुणी त्यावरून कुजबुजलं तर म्हणत, "नवरा गेला, कपाळ इथंच आहे." त्यांच्याजवळ आईचा विषय काढायचा असं ठरवून मी तीन शनिवार गेले. तिन्ही वेळा माउस कसा धरायचा ते शिकवून परत आले.

संक्रांत झाली आणि अक्कांच्या हळदीकुंकवाची तयारी सुरू झाली. त्यांच्याकडे सवाष्ण, विधवा, कुमारिका असं काही बघत नसत. बाई म्हटली की आमंत्रण. आणि आमंत्रणाचं कार्ड नाही. जुन्या रीतीने घरोघर जायचं आणि दारात कुंकू लावून बोलवायचं. त्यांनी पितळी करंडा माझ्या हातात ठेवला. "तुझ्या पेठेतल्या बायकांना वाटतं, दवाखाना फक्त हडपसरकरणींसाठी आहे. त्यांना घेऊन ये."

अनोळखी दारात उभं राहून बोलायचं! दवाखान्यात मदतीला असणाऱ्या पारूबाईंनी मला धडे दिले. "अवं ताई, असं न्हाय. भिवयांच्या मधी लावायचं, नाकाव न्हाय. आन् लावताना बोलायचं, मुकं नाय ऱ्हायाचं. बैलाला टिळा लावताय व्हय?" सगळ्याजणी हसल्या, मीही हसले.

त्या संध्याकाळी घरी मी आरशासमोर सराव केला. मग वाटलं, खऱ्या माणसासमोर करून बघावं. आई ओट्यापाशी भाजी निवडत होती. तिला म्हटलं, "आई, जरा इकडे बघ." ती वळली. माझं सगळं लक्ष वाक्यात. बोट करंड्यात बुडवलं, आईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि एका दमात म्हणाले, "शनिवारी अक्कांकडे हळदीकुंकू आहे, नक्की यायचं हं."

वाक्य पुरं झालं आणि मग मला दिसलं, मी काय केलं ते. बाबा गेल्यापासून त्या कपाळाला कुंकू लागलेलं नव्हतं. मला माहीत नव्हतं असं नाही. ते आमच्या घरात कुणी बोलायचंसुद्धा नाही, इतकं माहीत होतं. वाक्य चुकू नये या भीतीत मी तेवढंच विसरले होते. आईच्या हातातली मेथीची जुडी तशीच. मी तिचाच पदर ओढून पुसायला गेले तर तिने माझा हात धरला. मग उठून देव्हाऱ्यासमोर गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मी भिंतीला टेकून रडत होते.

"रडतेस काय?" ती न वळताच म्हणाली. "कुंकू लावून बोलावलं की नाही म्हणू नये. देवीचं आमंत्रण असतं ते. येईन मी. मागे कोपऱ्यात बसेन."

शनिवारी ती खरोखर आली. बाबांनी शेवटची आणलेली हिरवट साडी नेसून. कोपऱ्यात बसली, पण अक्कांच्या नजरेतून कोपरे सुटत नसत. त्यांनी आपल्या हाताने हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि आईने पुढे केलेल्या पदरात एक चिठ्ठी ठेवली. हे त्यांचं दरवर्षीचं वाण. दुसऱ्यांकडे वाट्या, डबे लुटत. अक्का तपासणी लुटत. आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई बसलेल्या असत, आणि वाण तिथल्या तिथे घ्यायचं. मला ते ऐकून ठाऊक होतं, पण त्या क्षणापर्यंत आईशी मी ते जोडलंच नव्हतं. आजही सांगते, नव्हतं जोडलं.

आईचा चेहरा उतरला. "अहो, मला काही झालेलं नाही."

"झालंय असं कोण म्हणतंय? वाण आहे ते. पोह्यांचा डबा दिला असता तर परत केला असतात?"

"छे, वाण कुणी परत करतं का!"

"मग जा आत. आणि हो, पाटी वाचून जा."

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पदरातली चिठ्ठी पुस्तकाचं पान मुडपावं तशी नीट घडी करून मुठीत घेतली आणि पडद्याआड गेली. मी त्या पाटीखाली बसून राहिले. बाहेर बायका नाव घेत होत्या, हसत होत्या. पारूबाई तिळगूळ घेऊन माझ्यासमोर आल्या, माझं तोंड बघितलं आणि शेजारी बसल्या.

आई बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला शब्द येत नव्हते, आई."

"मला तरी कुठे येत होते," ती म्हणाली, आणि तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

पुढचे दिवस सोपे नव्हते. तपासण्या झाल्या आणि गाठ वाईटच निघाली. पण पसरलेली नव्हती. आणखी थांबला असतात तर अवघड होतं, असं मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं. शस्त्र लावायचं म्हटल्यावर आई पुन्हा अडून बसली. अक्का रिक्षा करून आमच्या घरी आल्या, दोन जिने चढून धापा टाकत खुर्चीत बसल्या. आई म्हणाली, "हिचं लग्न व्हायचंय हो. लोकांना कळलं तर?"

"होईल की लग्न. मुंडावळ्या कोण बांधणार तिला? मी? माझे हात कापतात." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माझ्या कारखान्यातली ती बाई बोलली नाही हो. तुम्ही निदान जगायला तरी लाजू नका."

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्या माझ्यासोबत बाकावर बसून होत्या. तेव्हा मी त्यांना देवळातलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "अक्का, तुम्हाला काही जाणवलं होतं का?" त्या म्हणाल्या, "मला कसलं जाणवतंय! मी वाण सगळ्यांनाच देते. तुझ्या आईला कुंकू लावलंस ते तू." मग म्हणाल्या, "आणि तुझं बोट कुणी धरलं होतं, ते मला काय विचारतेस?"

त्यावर मी पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला. तो निव्वळ धांदरटपणा होता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की सगळं नीट आखून, शब्द जुळवून मी जे करू बघत होते ते महिनाभर माझ्याच्याने झालं नाही, आणि जे झालं ते माझ्या हातून चुकून झालं. मागणं मी इंग्रजीत मागितलं होतं. उत्तर आलं ते आईला नाकारता येणार नाही अशा भाषेत: कुंकू आणि वाण. देवळात त्या संध्याकाळी 'तूच कर' म्हणाले, ती माझ्या आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना. मला वाटलं होतं, आपण हरलो म्हणून असं म्हणतोय. त्यालाच शरण जाणं म्हणतात, हे नंतर कळलं.

अक्का आता नाहीत. दवाखाना आहे, वरची अभ्यासिका आहे, पाटीही आहे. तिच्यावरची अक्षरं मध्ये पारूबाईंनी रंगवून घेतली. आई आठवड्यातून दोनदा तिथे जाते. शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना ब्लाउजमध्ये घालायला कापसाच्या गाद्या शिवून देते, पुस्तकांच्याच पक्क्या टाक्याने. "उसवायच्या नाहीत, गॅरंटी," असं त्यांना सांगते. संक्रांतीनंतर पेठेतली आमंत्रणं करायला करंडा घेऊन तीच निघते, आणि ज्या दारांत वर्षानुवर्षं कुणी कुंकू नेलेलं नाही, त्या दारांशी आधी जाते.

पण निघण्यापूर्वी दरवर्षी ती करंडा माझ्या हातात देते आणि समोर उभी राहते. ते वाक्य मला आता न अडखळता येतं. तरी माझं बोट कपाळाच्या अलीकडेच थांबतं. मग आईच कपाळ जरासं पुढे करते.