मुरमावरचं घर

आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी सात वर्षांची होते. नवं गाव उंचावर, सरकारनं आखून दिलेल्या प्लॉटांवर वसलं. पुढे मी यवतमाळला चित्रकलेची शिक्षिका झाले. गेली काही वर्षं मी बाजारचे रंग सोडून मातीनं चित्रं काढते. माती चाळायची, भिजवायची, नितळू द्यायची आणि बाभळीच्या डिंकात कालवायची.

परवाच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी फारच खाली गेलं आणि जुन्या गावाची जोती उघडी पडली. मी तिकडे गेले. भेगाळलेल्या जमिनीत छपरांची फुटकी कवेलू पडली होती. विहिरीचा काठ अजून शाबूत होता. गावठाणाची पांढरी माती आणि शेताची काळी, अशी दोन पोती मी भरून आणली. नव्या गावातल्या शाळेच्या भिंतीसाठी जुन्या गावाचं मोठं चित्र करायचं माझ्या मनात होतं.

सुट्टीभर मी नव्या गावात मोठ्या आईकडे राहिले. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर शाबूत. मी ओसरीत मांजरपाट अंथरून काम करायची आणि ती सूप घेऊन शेजारी बसायची. काळ्या मातीची शेतं झाली, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या कोळशानं वाटा झाल्या. पांढरीनं मी सगळी घरं रंगवली, सगळ्यात शेवटी आमचं.

तिनं सूप खाली ठेवलं. "हे कोनाचं घर काढलं वं?"

"आपलं."

"आपलं घर पांढरीत कुठं होतं, माय? आपला मोहल्ला नाल्याच्या पल्याड, मुरमावर. भिंतीले टेकलं का पाठ लाल व्हाय."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. थोडं आठवत होतं, बाबांच्या बोलण्यातही यायचं. पण चित्र काढताना मी ते सोयीस्कर विसरले होते. सगळं गाव एका रंगात बरं दिसत होतं.

"भिंतीच्या पोतेऱ्याले पांढरी मागून आनाव लागे," ती म्हणाली. "कोनी देये, कोनी हाकलून देये."

मी ओल्या फडक्यानं आमचं घर पुसून टाकलं. कापडावर ओला डाग राहिला. समोरच्या प्लॉटमधले काका दाराशी उभे राहून हे ऐकत होते. त्यांचं जुनं घर पांढरीत, अगदी मधोमध. काका मोठ्या आईपेक्षा आठदहा वर्षांनी लहान. ते तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची मोटारसायकल दाराशी आली. "बस मांगं. जागा मी दाखवतो."

नाल्याच्या पलीकडे जोतीही उरली नव्हती. मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या. काका इकडेतिकडे फिरले, एका दगडापाशी थांबले आणि म्हणाले, "इथं."

"तुम्हाला कसं माहीत, काका?"

ते उकिडवे बसले आणि सोबत आणलेल्या लोखंडी सब्बलनं मुरूम उकरू लागले. हात चालू ठेवूनच बोलले. "ढोरं घेऊन येवो मी इकडं. एक डाव उन्हानं चक्कर आली. तुह्या आजीनं याच दगडावर बसवलं, गिलासभर ताक देल्लं. घरी सांगतलं असतं त मार पडला असता. म्हनून कोनाले सांगतलंच नाही." मग मान वर न करता म्हणाले, "मोठा झाल्यावर त सांगता आलं असतं."

थैली त्यांनीच भरली. मला हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर त्यांनी ती मोठ्या आईसमोर ठेवली आणि ताकाची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी अडखळत. ती ऐकून घेत होती.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "गिलास मीच त घासला होता. नवी नवरी होतो तवा."

 काका ओसरीच्या कडेला बसले. मोठ्या आईनं मला चहा ठेवायला सांगितलं. मी आत गेले तरी त्यांचं बोलणं कानावर येत होतं. त्या काळची ढोरं, कोणाची म्हैस मारकी, कोणाच्या विहिरीला गोड पाणी. चहा निवला तरी त्यांचं चाललेलंच.

त्या मुरमाचा रंग भिजल्यावर विटेसारखा झाला. नाल्याच्या पलीकडची अठरा घरं मी त्यानं रंगवली. कोणतं घर कुठे, हे मोठी आई बोटानं दाखवत गेली.

शाळेत चित्र लावलं त्या दिवशी सारं गाव आलं. आपापली जागा शोधताना माणसं मोठ्यानं बोलत होती, भांडतही होती. एका बाईनं विचारलं, ही घरं लाल काहून? काकांनीच सगळं सांगितलं, ताकासकट.  मग मोठी आई म्हणाली, "आता या नव्या गावात सगळ्याईले सारखाच खडक भेटला. एकाच्याही अंगनात धड तुळस जगत नाही." सगळे हसले.

जाताना तिनं माझी बाही ओढली. "दारचा निंब राह्यला ना वं."

मी कडुनिंबाचाच पाला वाटून निंब काढला. पावसाळा संपल्यावर मी पुन्हा गावी गेले, तोवर तो हिरवा रंग तपकिरी पडला होता. मला वाईट वाटलं, ते मी तिला बोलून दाखवलं.

"वय झालं असन त्याचं," ती म्हणाली, आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उठली.