रंग बरोबर होते

"काका, तुमच्या गावात रेझिस्टरपण शेंगांसारखे बघून घेतात का? जाड तो चांगला?"

बेळगावजवळ, मच्छेच्या कारखान्यात, जोडणीच्या टेबलाजवळ, सगळ्यांसमोर नव्या इंजिनिअर साहेबांनी मला हे विचारलं. साहेब बेळगावातले, वकिलाच्या घरचे. मी खानापूरकडचा, आयटीआय झालेला. टेबलावरच्या बायका हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

मी एवढंच म्हणालो होतो, पंपाच्या पॅनेलमध्ये त्या जागी अर्ध्या वॅटचा रेझिस्टर टिकणार नाही. चोवीसपैकी बारा व्होल्ट तिथं जिरवायचे, पंप चालू-बंद करणारा रिले ऐंशी मिलिअँपिअर ओढतो. म्हणजे जवळजवळ एक वॅट उष्णता. दीडशे ओहम बरोबर आहे, फक्त दोन वॅटचा, मोठ्या अंगाचा घ्या.

"जोडायचं काम तुमचं. विचार करायचं आमचं."

मी बायकांना अर्ध्या वॅटचेच घालायला लावले.

उन्हाळ्यात सदलग्याहून पॅनेल परत यायला लागले. रेझिस्टरचा कोळसा झालेला. किती ओहमचा ते सांगणारे अंगावरचे रंगाचे पट्टेसुद्धा उरले नव्हते. साहेबांना तेच बरं पडलं. कागद तयार झाला : जोडणाऱ्या बाईनं रंग चुकीचे वाचले, भलताच रेझिस्टर लावला.

ती बाई म्हणजे सुमनआक्का. चष्मा होता तिला. पण तपकिरी, हिरवा, तपकिरी म्हणजे दीडशे, हे ती बोलता बोलता ओळखायची. कागदावर सही लागत होती सुपरवायझरची. माझी.

"अण्णा, रंग बरोबर हुते न्हवं? तुमीच तपासलासा. सांगा की."

मला नोकरी जायची भीती होती. तिलाही असेल, हे मी मनात येऊच दिलं नाही. तिच्यासमोर सही केली. ती डबा उचलून गेली. मच्छेत पुन्हा तिला कुणी कामाला घेतलं नाही. कारखान्यात तिचं नाव तेवढं राहिलं, आंधळी सुमन.

मी निवृत्त झालो. गेल्या महिन्यात नव्या मुलींना शिकवायला मला बोलावलं. साहेब आता मॅनेजर.

"काका, ती आंधळ्या सुमनची गोष्ट सांगा यांना. म्हणजे डोळे उघडे ठेवतील."

मुली हसायच्या बेतात होत्या.

"रंग बरोबर हुते," मी म्हणालो. "वॅट चुकलेले. साहेबांचे. आणि खोट्या कागदावर सही माझी."

"वय झालं तुमचं. बसा, काका."

"न्हाय बसत."

आज हे सगळं लिहून खाली सही केली आहे. एक प्रत घेऊन मी आक्काच्या दारात जाणार. तिनं आत घेतलं नाही तरी उंबऱ्यावर उभा राहून मोठ्यानं वाचणार. दुसरी कारखान्याच्या फळ्यावर लावणार. ते फाडतील. मी पुन्हा लावीन. तिला आंधळी म्हणणारं एक तोंड तिथं उरलं, तरी लावत राहीन.