विडी सुटल्यावरचा कौतिक

फोपनार गावच्या केळी कापणाऱ्या टोळीत कौतिक पहिल्या नंबरचा गडी. पण पन्नाशी ओलांडली आणि बागेतून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत घड नेताना तो मध्येच बसू लागला. खोकल्याची उबळ आली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दिवसाला दोन बंडल विड्या, त्याही तीस वर्षं! शेवटी बायकोनं, मालूबाईनं, त्याला बसमध्ये घालून बुऱ्हाणपूरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विडी सोडायला सांगितली आणि तलफ कमी व्हावी म्हणून दंडावर रोज चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या दिल्या. कौतिकनं उरलेल्या विड्या त्याच दिवशी चुलीत घातल्या.

चौथ्या दिवसापासून मात्र त्याचं डोकं फिरलं. भाजीत मीठ कमी म्हणून त्यानं ताट ढकललं. टोळीतल्या सुरेशशी तो कोयत्यावरून भांडला. झोप उडाली. एकदा तर बांधावर बसून तो उगाचच रडला. आपल्याला वेड लागतंय की काय, या धास्तीनं तो एकटाच दवाखान्यात गेला आणि समुपदेशक वैशाली मॅडमसमोर त्यानं पट्ट्यांचं पाकीट ठेवलं.

"मॅडम, हे वापस घ्या. छाती सुधरेल, पण माणूस बिघडून राहिला."

"बिघडला नाहीत, कौतिकदादा. शरीर विडी मागतंय, म्हणून चिडचिड होते, उदास वाटतं. काही आठवड्यांत हे उतरतं. पण उदासी वाढली तर थांबू नका, लगेच या. घरी सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. पाकीट पुन्हा खिशात घालून तो घरी आला. त्या संध्याकाळी त्यानं मालूबाईला सगळं सांगितलं, रडल्याचंसुद्धा.

"मग बोलायचं ना!" ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यावरच राग धरून बसले."

त्यानंतर राग आला की तो उठून विहिरीपर्यंत चालून यायचा. खोकला आधी वाढला, मग हळूहळू ओसरला. महिन्याभरात गाढ झोप लागू लागली. वांग्याच्या भरताला इतकी चव असते हे त्याला नव्यानं कळलं. पोट थोडं सुटलं, पण त्याची त्याला फिकीर नव्हती. पुढं डॉक्टरांनी पट्ट्याही कमी करत बंद केल्या.

यंदाच्या कापणीत त्यानं दुपारपर्यंत घड वाहिले, एकदाही न बसता. सुरेश बघतच राहिला.

"विडी आठवत नाही का रे?"

"आठवते ना. जेवल्यावर रोज आठवते. पाच मिनिटं कळ काढतो."

"आणि राग?"

कौतिक खदखदून हसला. "ते तुझ्या वहिनीला विचार!"