आठ दात्यांचं चाक

आमच्या मामाच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, मशीनचे आवाज मात्र राहत. रस्त्यापलीकडे कुणी झाडं कापायची चेनसॉ सुरू केली की हातातला कप खाली ठेवून तो म्हणायचा, "बार लांब, इंजिन लहान. रडतंय बघ बिचारं." जाऊन बघितलं की तसंच असायचं. झाडं तोडायचा धंदा त्याचा. दादाला आणि मला त्यानंच शिकवला. शिकवला म्हणजे काय, चुकलं की पाठीत धपाटा. दादाला कमी पडले, मला जास्त. त्याचा मला अजून राग आहे, उगाच कशाला खोटं बोलू.

त्याचा एक नियम होता. टणक लाकूड असेल तर सात दात्यांचं चाक आणि आखूड बार. इंजिनाजवळचं जे छोटं चाक चेन ओढतं, त्याला आम्ही स्प्रॉकेट म्हणतो. आठ दात्यांचं घातलं की चेन सुसाट पळते आणि मऊ लाकडाचा फडशा पाडते. टणक लाकडाला वेग नको, जोर हवा. आणि चेन ज्या पट्टीवरून फिरते तो बार जेवढा लांब, तेवढं इंजिनाला ओझं. लांब बार मिरवणाऱ्यांना मामा म्हणायचा, "दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे."

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी आदल्या संध्याकाळी मी आमच्या मशीनला आठ दात्यांचं चाक आणि सगळ्यात लांब बार चढवला. सकाळी मऊ लाकडाचा ढीग कापायचा होता, तो झटपट उरकला की मी मोकळा. सकाळी बेत बदलला. कारखान्याच्या कुंपणालगतचं वाळलेलं झाड आधी पाडायचं ठरलं, आणि ते लाकूड म्हणजे दगड. मामा स्वतःच्या मशीननं पाडणार होता, म्हणून मी काही बोललो नाही. खरं तर विसरलोच.

झाड पडलं ठरल्या जागी. पण पडल्यावर खोड उतारावरून गडगडलं आणि मामा बाजूला होण्याआधी त्याच्या दोन्ही मांड्यांवर येऊन बसलं. त्याच्या मशीनचा खालीच चुराडा झाला. क्रेनला फोन केला तर म्हणे दोन तास लागतील. कारखान्यातले सात-आठ जण धावत आले, सगळ्यांनी मिळून खांदा लावला, खोड तसूभर हललं नाही. एकच उपाय होता. मामाच्या दोन्ही बाजूंनी खोड कापायचं, म्हणजे मधला तुकडा उचलता आला असता.

दादानं आमचं मशीन सुरू करून खोडाला लावलं. चार बोटं आत गेलं आणि इंजिनाचा दम कोंडला. त्यानं बार मागे घेतला, पुन्हा लावला. चेन थांबली, धूर निघाला, जळका वास सुटला. मामा डोळे मिटून पडला होता. तशातच ओरडला, "आठ दाते आहेत रे त्याला! आवाज ऐकू येत नाही का तुला? बंद कर! चाक बदल!"

दादानं मशीन बंद केलं. झाकण काढलं, चाक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. चाकं बदलायचं काम माझं होतं. मी मान खाली घातली.

लोक खवळले. "अरे माणूस मरतोय आणि हा पाना घेऊन बसलाय!" एकानं तर दादाची कॉलर धरली. दादानं कॉलर सोडवून घेतली. गाडीतून आखूड बार आणि सात दात्यांचं चाक आणलं. धातू तापलेला, बोटं भाजत होती. चाक अडकवणारी नखाएवढी क्लिप काढताना ती उडाली आणि भुशात पडली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून भुसा चिवडत होतो. तेव्हा मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही. मामा आधी शिव्या देत होता, मग नुसता कण्हायला लागला, मग कण्हणंही थांबलं. क्लिप माझ्याच गुडघ्याखाली सापडली. बारा मिनिटं गेली होती.

सात दाते बसल्यावर मशीननं ते लाकूड खाल्लं. दोन्ही काप झाले, तुकडा उचलला, मामा बाहेर निघाला. डावा पाय वाचला. उजवा मांडीपासून कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. म्हणजे काय, ते मी त्यांना विचारलं नाही.

पाचव्या दिवशी मामा शुद्धीवर येऊन बोलायला लागला. पहिला प्रश्न तोच, "आठ दाते कुणी घातले?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

"मी," दादा म्हणाला.

मामानं मान त्याच्याकडे वळवली. "पंचवीस वर्षं शिकवलं तुला," म्हणाला, आणि कूस बदलता येत नव्हती म्हणून नुसतं तोंड फिरवलं.

बाहेर व्हरांड्यात मी दादाचा हात धरला. "आत्ता जाऊन सांगतो."

"नको," तो म्हणाला. "तुझी पोरं लहान आहेत. दुसरं काय येतं तुला?"

मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

मामानं दादाला पुन्हा मशीनला हात लावू दिला नाही. येईल त्याला सांगायचा, थोरल्याच्या हाताखाली उभे राहू नका. ते ऐकून दादाला कुणी काम देईना. तो एका गोदामात पोती उचलायला लागला. घरी परतल्यावर मामानं धंदा माझ्या हवाली केला. सगळ्यांसमोर, दादाही दारात उभा होता. शेडची किल्ली पुढे करत मामा म्हणाला, "घे. तू निदान डोकं वापरतोस."

मी पुढे झालो आणि किल्ली घेतली.