सगळ्या देशात एकच हाऊगेन

बान नोंगसाई गावात फकामात हाऊगेन कुठे राहते असं विचारलं, तर लोक तुम्हाला शेजारच्या गावाचा रस्ता दाखवतील. तेंगचं घर विचारा, कुत्रीसुद्धा तळ्यापर्यंत सोडायला येतील. तेंग म्हणजे काकडी. जन्मली तेव्हा लांबुडकी आणि फिकट होती, म्हणून आजीने ठेवलेलं नाव. इथे खरं नाव कागदापुरतं असतं आणि हाकेचं जन्मभर पुरतं. आता ती चाळिशी ओलांडलेली, गावातल्या बायकांपेक्षा वीतभर उंच, आणि माशांची बोटुकली पिल्लं विकण्यात तालुक्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

तळं तिच्या बापाने खणलेलं. बाप नॉर्वेचा, जहाजावरचा मेकॅनिक. सुट्टीवर आला, तेंगच्या आईच्या, समाईच्या हातची कच्च्या पपईची कोशिंबीर खाऊन घामाघूम झाला आणि इथलाच झाला. त्या काळी परदेशी माणसाशी कचेरीत लग्न नोंदवलं की बायकोलाही जमीन घेणं अवघड व्हायचं. म्हणून दोघांनी गावासमोर मनगटाला लग्नाचे दोरे बांधून घेतले आणि कचेरीची पायरी काही चढली नाही. जमीन समाईची राहिली. तो मात्र मरेपर्यंत त्या जमिनीत राबला, आणि नावावर टिचभरही जागा नव्हती. कुणी चिडवलं की हात पुढे करायचा. "ही बघा, नखात अडकते तेवढी माझी."

आता त्याच्या अस्थी देवळाच्या भिंतीत आहेत. समाई थकली. घराखालची जागा स्वतःकडे ठेवून शेत आणि तळं डोळ्यांदेखत लेकीच्या नावावर करायचं तिने मनावर घेतलं.

तिथे प्रयोंगमामा आडवे आले. मामांचा जीव होता भाचीवर, पण कचेरीचं नुसतं नाव काढलं तरी ते वाट बदलायचे.

"आधी आईचं आडनाव लाव," ते म्हणाले. "एका सकाळचं काम आहे. हाऊगेन वाचलं की साहेबाला वाटणार, हिच्या आडून कुणी गोराच जमीन घेतोय. त्यात तुझ्याकडे पासपोर्ट दोन. कशाला आगीत हात घालतेस?"

"दोन आहेत म्हणून काय झालं? मी इथल्या आईच्या पोटची आहे, मामा. ओळखपत्र इथलं आहे. जमीन घ्यायचा हक्क तुम्हाला तेवढाच मला."

"हक्क आहे गं. पण कचेरीत हक्काला रांगेत उभं करतात."

तेंग हसली, पण मनातून बधली नाही. या देशात नात्यागोत्याबाहेरच्या दोन घरांना एकच आडनाव लावता येत नाही. त्यामुळे अख्ख्या देशात हाऊगेन लावणारी ती एकटीच होती. तिने ते पुसलं तर बापाचं नाव फक्त देवळाच्या भिंतीवर उरलं असतं. आणि बापाने भिंत बांधली नव्हती, तळं खणलं होतं.

मोजणीचा दिवस उजाडला. जमिनीचे वाटे करायचे तर लगतच्या मालकांनी आपापल्या हद्दीवर उभं राहायचं आणि हरकत नसल्याची सही द्यायची, ही इथली रीत. पश्चिमेला मामा उभे राहिले. पूर्वेच्या बांधावर खमपनमावशी, तोंडात सुपारी, डोक्याला पंचा. तेंग नेमकी तळ्यात. लांबून गिऱ्हाईक आलं होतं आणि जाळं अर्ध्यात सोडता येत नव्हतं.

कचेरीतून आलेल्या बाईंनी मावशीला विचारलं, "फकामात हाऊगेन यांना ओळखता ना?"

"नाही बाई."

"ही जमीन त्यांच्या नावावर होणार आहे."

मावशीने पचकन पिंक टाकली. "कोण ही बया? समाईची जमीन तिच्या तेंगला जायची. भलत्याच हाऊगेनच्या घशात घालायला मी सही देणार नाही. लिहून घ्या."

बाई लिहूनच घ्यायला लागल्या. तेंगच्या बाजूने मावशी इतक्या पोटतिडकीने भांडत होती की तेंगचंच काम बुडायची वेळ आली.

ओरडा ऐकून तेंग चिखलाने माखलेली तशीच वर आली. ओळखपत्र दाखवलं. बाई वाईट नव्हत्या, पण पेचात पडल्या. "शेजारीण म्हणते, या नावाचं कुणी नाही. हरकत नोंदवली तर प्रकरण लांबेल. तुम्ही आईचं आडनाव लावून पुन्हा अर्ज करा, सोपं जाईल."

"मी घसा कोरडा करून हेच सांगत होतो," पलीकडून मामा म्हणाले.

तेंगने आवाज चढवला नाही. "नाही लावणार. लागू दे वर्षं. माझ्या बापाने ही माती उपसली आणि पाहुणा म्हणून मेला. कागदावर येईल तर त्याचं नाव येईल. नाहीतर आहे तसं राहू दे."

मग मावशी पुढे आली. "थांब. हे हाऊगेन म्हणजे आपला हाऊ? तळ्यावरचा?"

"त्याचंच आडनाव, मावशी."

मावशीने सुपारी थुंकली, पंच्याने तोंड पुसलं आणि बाईंकडे वळली. "पाऊस दडी मारून बसला त्या साली त्याने हा बांध फोडून माझ्या भाताला पाणी दिलं. त्याचे मासे तळाशी तडफडत होते, हा दात काढून हसत होता. आधीचं बोलणं खोडा. अंगठा देऊ की सही? सहीच देते, चांगली लांब."

बाईंनी आधीचं खोडलं. मावशीने सही दिली, आणि ती खरोखरच ओळीबाहेर गेली.

पुढे मामा स्वतः कचेरीत सोबत गेले. वर सरकारी लाल गरुडाचा शिक्का आणि खाली नाव असलेला जमिनीचा कागद हातात पडला, तेव्हा तो त्यांनीच दोन-दोनदा मोठ्याने वाचला. रांगेतले लोक बघायला लागले तरी थांबले नाहीत.

घरी समाईला वाचता येईना. "कुठे लिहिलंय?" तेंगने आईचं बोट धरून हाऊगेनवर ठेवलं. म्हातारी कितीतरी वेळ बोट उचलेना. "उशीर केला मेल्याने," एवढंच म्हणाली, आणि डोळे पुसले.

कामाचे कपडे न बदलताच तेंग देवळात गेली. भिंतीत बापाच्या अस्थी ठेवलेल्या चौकोनासमोर कागद धरला आणि आडनावासकट स्वतःचं पूर्ण नाव वाचलं. ऊर भरून आला होता, ते तिने लपवलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आता खुशाल नखं कापा."